वजा बारा टक्के

आमच्याकडं तारीख कुणी सांगत नाही.
धाकटीचं लग्न वजा अठराला झालं,
वऱ्हाड चपला हातात घेऊन
गाळातनं पायी गेलं पलीकडं.
बाळंतपणाला ती आली तेव्हा एकशे चार होतं.
होडीत गादी टाकली होती,
आणि म्हसू मल्लाव वल्हं मारताना
तिच्याकडं पाठ करून बसला, लाजून.

उजनीचं पाणी चढतं, उतरतं.
त्यात आमची एकेचाळीस घरं,
एक गिरणी, चौथीपर्यंत शाळा,
आणि पंचायतीनं मागच्या साली लावलेला
'सेल्फी पॉइंट'चा फलक.
त्यावर पाणकावळा पंख वाळवत बसतो.

बुधवारी सोलापूरहून साहेब आले.
नारिंगी जाकीट, गळ्यात शिट्टी,
मांडीवर फाईल, फाईलवर घट्ट दोन्ही हात.
म्हणाले, इथं पर्यटनाला खूप वाव आहे.
म्हसूनं बांबू पाण्यात घातला,
वर काढून ओल बघितली,
म्हणाला, चारच वाव हाय साहेब,
पुढं खडक लागंल.

मग रकाने भरणं सुरू झालं.
वाहनतळ? कोरा.
एटीएम? कोरा.
प्रेक्षणीय स्थळ?
मी म्हटलं, रोहित येतात, थंडीत,
हजारानं, गुलाबी,
उथळात मान उलटी घालून दिवसभर चिखल चाळतात.
त्यांच्यामागं पुण्याची माणसं येतात
हिरवे कपडे घालून, होडीत पालथी पडतात,
आम्हाला म्हणतात, हळू बोला.
आपल्याच गावात हळू बोलायचे
होडीमागं आठशे रुपये मिळतात.
एकानं विचारलं होतं, तुम्हाला इथं बोअर होत नाही?
म्हसूला वाटलं बोअरचं विचारतोय.
म्हणाला, दोन मारले, दोन्हीला खारं लागलं.

साहेबांनी चिलापी खाल्ली,
काटे ताटाच्या कडेला ओळीनं लावून ठेवले.
शेंगाचटणी कागदात बांधून घेतली.
उठता उठता शेवटचा रकाना वाचला:
वर्षाला पाहुणे किती येतील अंदाजे?

चुलीपाशी आईचा हात थांबला.

पाहुणे म्हटलं की
आईला एकच अर्थ कळतो.
थोरला उत्रेश्वर पस्तिशीचा झाला.
जाळी त्याची, होडी त्याची, दारू नाही, तंबाखूही नाही.
पाहुणे आले होते एकदा, जेऊरच्या बाजूचे,
पाणी शंभरच्या वर होतं, वाराही होता.
मुलीचा बाप होडीतनं उतरलाच नाही.
चहा आम्ही काठावरनं दिला.
एका हातात बशी, दुसऱ्या हातानं दोर धरलेला,
त्यानं तो तसाच प्याला
आणि गाव बघितलं बसल्या जागेवरनं,
एवढंसं.
मुलगी मात्र होडीच्या कडेवरनं
पाण्यात बोटं घालून बसली होती.
उत्रेश्वरनं फक्त ती बोटं बघितली.
कळवतो म्हणाले.
बशी त्यांच्याबरोबरच गेली, चुकून.

साहेबांना मी आकडा सांगितला, पाचशे.
त्यांनी हजार लिहिला.

आता दुपारची आई पेपर मागते.
तिला वाचता येत नाही, आकडे येतात.
धरणाच्या चौकटीवर बोट ठेवून विचारते,
हे वजा बारा का?
म्हणजे आणखी पंधरा दिवसांनी
पायवाट उघडी पडंल.
जेऊरला निरोप धाड म्हणावं,
होडीत बसायचं काम नाही,
चालत या, कोरड्या पायानं.
आणि बशीचं काही काढू नको.

उत्रेश्वर बाहेर जाळं विणत होता.
त्याच्या दातात दोरा होता.